आपण आणि हे लोक

कोल्हापूर, मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले आहेत. उद्या मतदान असल्यामुळे पेठ आज लवकर निजली. काल संध्याकाळी प्रचार संपला आणि इतके दिवस गल्लीबोळांतून फिरणाऱ्या भोंग्यांच्या रिक्षाही एकदम गप्प झाल्या. इतक्या शांततेत झोप लागायला हवी होती, पण काल सामन्याच्या मध्यंतरात भाच्याने विचारलेला प्रश्न कानातून जात नाही, म्हणून वही घेऊन बसलो आहे. प्रश्न त्याने भांडणासाठी विचारला नव्हता आणि उत्तर मिळाले नाही म्हणून तो रुसलाही नाही. माझ्याकडे क्षणभर पाहून त्याने पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवले, एवढेच झाले.

काल हैदराबादला गच्चीबोवलीच्या मैदानावर भारत आणि मलेशिया यांची फुटबॉलची मैत्रीपूर्ण लढत होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे तात्यांच्या माडीवर जमलो होतो. भाचा हातमोजे घालूनच आला होता. पेठेच्या लहान मुलांच्या संघात गोली म्हणून उभा राहू लागल्यापासून तो टीव्हीवरचा सामनाही हातमोज्यांशिवाय बघत नाही. उजव्या मोज्याच्या तळव्यावरचा फोम सुटला आहे. तो त्याने फेविकॉल लावून बसवला होता आणि सुकला की नाही हे अंगठ्याने दाबून सारखा पाहत होता. १९ व्या मिनिटाला मलेशियाच्या बाजूने एक लांब चेंडू आला, आपला गोली गुरप्रीतसिंग संधू गोल सोडून पुढे धावला, आणि त्याच क्षणी भाच्याने माझ्या शर्टाची बाही धरली. "थांब, थांब," असे तो अगदी हळू म्हणाला. गुरप्रीतचा अंदाज चुकला, चेंडू पाउलो जोसुएला मिळाला आणि त्याने तो मोकळ्या जाळ्यात सारला. माझ्या बाहीवरचा हात बराच वेळ तसाच राहिला.

"ह्यांचं हे असंच," मी मोठ्याने म्हणालो. "हे लोक जन्मात सुधारायचे नाहीत. साधा बॉल बाहेर मारता येत नाही ह्यांना." माडीवर कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, कारण सगळेच तसे बोलत होते.

पुढे ३९ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसची कॉर्नर किक आली, राहुल भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि बरोबरी झाली. मी खुर्चीवरून उठून "आपला भेके!" असे ओरडलो, तात्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि २०१९ साली आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, अंतिम सामन्यात, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेत असाच हेडर मारून त्याने बंगळुरूला जिंकून दिले होते, याची सगळ्यांना आठवण करून दिली. मुंबईत जन्मलेला मुलगा, आपल्याकडचे आडनाव, याच वर्षी मे महिन्यात मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने चषक उचलला, हे सगळे मी एका दमात सांगून टाकले.

मध्यंतर झाले, चहा आला, आणि तेव्हा भाच्याने विचारले, "मामा, गोल खाल्ला तेव्हा तुम्ही 'हे लोक' म्हणाला आणि गोल मारला तेव्हा 'आपला' म्हणाला. मागच्या सीझनला आपल्या तालमीच्या फुटबॉल टीममधल्या गोलीच्या हातातून बॉल सुटला, आपण हरलो, तेव्हा पण तुम्ही 'आपलं चुकलं' असंच म्हणत होता. मग गुरप्रीत आपला नाही का?"

मी त्याला "चहा घे, गार होईल" असे सांगितले. दुसरे काही सुचले नाही.

दुसऱ्या सत्रात गोल झाला नाही. सामना १-१ असा सुटला आणि मग माडीवर नेहमीचा वाद पेटला, जो सामन्यापेक्षा जास्त वेळ चालला. बापूंचे म्हणणे असे की मैत्रीपूर्ण लढतीचे एवढे मनाला लावून घेण्याचे कारण नाही, कारण अशा लढती नवे खेळाडू तपासण्यासाठीच असतात आणि जानेवारीत गुडघ्याला दुखापत झाल्यापासून बाहेर असलेला बचावपटू संदेश झिंगन परत उभा राहिला, हीच कालची कमाई. त्यावर आमच्या आयटीतल्या पोराने फिफाच्या क्रमवारीचे गणित मांडले: पात्रता फेरीच्या सामन्याला २५ चे वजन असते आणि अशा लढतीला १० चे, म्हणजे वजन कमी असले तरी शून्य नसते, भारत १२५ वा, मलेशिया १३३ वा, सामना घरच्या मैदानावर, आणि तरीही विजय नाही, म्हणजे गुण कमवायच्या जागी ते गमावूनच आलो. या वर्षीचे ११ सामने त्याने बोटांवर मोजून दाखवले. एकही विजय नाही, ५ बरोबरी, ६ पराभव, आणि अख्ख्या वर्षात मिळून ४ गोल. शेवटचे जिंकलो ते १६ नोव्हेंबर २०२३ रोजी, कुवेतमध्ये, मनवीरसिंगच्या एका गोलने. त्याला तीन दिवसांपूर्वी एक वर्ष पूर्ण झाले.

प्रशिक्षकावरूनही बराच वेळ गेला. मनोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवाही सांभाळतात आणि देशाचा संघही. बापूंच्या मते दोन घोड्यांवर बसणाऱ्याकडून लांबचा प्रवास होत नाही. मला ते पटत नाही, कारण चार सामन्यांत कोणताही माणूस संघ उभा करू शकत नाही आणि वर्षाचा पहिला अर्धा भाग तर आधीचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्या काळात गेला होता. खरे दुखणे पुढच्या फळीत आहे. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० झाले आणि कर्णधार सुनील छेत्री देशासाठी ९४ गोल करून थांबला. त्याच्या जागी उभा राहील असा मुलगा तयारच झालेला नाही, कारण आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि गोल करण्याचे काम बहुतेक क्लब त्यांच्याकडेच देतात. आपला मुलगा क्लबसाठी बाजूने पळतो, परदेशी माणसाला पास देतो, आणि देशासाठी खेळताना त्याच मुलाने गोलसमोर शांत डोक्याने चेंडू मारावा अशी अपेक्षा आपण ठेवतो. हे मी पोटतिडकीने सांगत होतो. मग कोणीतरी म्हणाले की मलेशियाचा गोल तरी कुठे मलेशियाच्या माणसाने मारला, पाउलो जोसुए तर ब्राझीलमध्ये जन्मलेला. त्यावरून भारतीय वंशाच्या, पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेल्या खेळाडूंना आपल्याकडे खेळू देत नाहीत, हा विषय निघाला आणि तो कधीच संपत नाही, तसा कालही संपला नाही.

शेवटी तात्यांनी मेलबर्न आणि जकार्ता काढले. १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि आपण चौथे आलो. १९६२ च्या एशियाडमध्ये डोक्याला टाके घातलेले असताना जर्नेलसिंग पुढच्या फळीत खेळला, अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि आपण दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. हे मी त्यांच्या तोंडून किमान शंभर वेळा ऐकले असेल. काल मात्र मला पहिल्यांदाच जाणवले की तेव्हा तात्यांचा जन्मही झाला नव्हता, तरी ते "आपण" म्हणतात, आणि तासभर चाललेल्या वादात कालच्या संघाविषयी बोलताना त्यांनी एकदाही तो शब्द वापरला नाही. कोणीच फारसा वापरला नाही. भाचा कोपऱ्यात बसून मोज्याचा फोम दाबत होता. प्रत्येक वेळी कोणी "ह्यांनी" म्हणाले की तो मान वर करून बघतो आहे, असे मला वाटत राहिले. कदाचित तो बघतही नसेल.

घरी आल्यापासून मी मागचे आठवून पाहतो आहे की "आपण" हा शब्द माझ्या तोंडातून नेमका केव्हा नाहीसा झाला.

११ जूनच्या रात्री तो होता. दोह्यात छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो, आणि चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना तो परत ओढून कतारने केलेला गोल पंचांनी दिला. सामना २-१ असा गेला, विश्वचषक पात्रतेतला पुढचा टप्पा गेला, आणि त्या रात्री मी बहिणीला फोन करून म्हणालो होतो, "आपल्यावर अन्याय झाला." म्हणजे अन्याय झाला तर तो आपल्यावर होतो. भेकेने गोल केला तर तो आपला. चूक झाली की मात्र ती ह्यांची. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिले, आणि लिहिताना हात थोडा थांबला.

१८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना जिंकली तेव्हाही मी चौकात उभा राहून "आपण जिंकलो" म्हणालो होतो. मेस्सीचा तो उंच कटआउट उभा करायला मीही वर्गणी दिली होती. त्याबद्दल मला आजही खंत वाटत नाही, कारण त्या रात्री फटाक्यांच्या धुरात जे होते ते खोटे नव्हते. पण रोझारिओच्या माणसाला मी इतक्या सहज आपला म्हणू शकतो आणि मोहालीच्या बाजूच्या माणसाला, ज्याला गेली दहा-बारा वर्षे मी दर सामन्यात बघत आलो आहे, त्याला एका चुकीसरशी परका करतो, हे कसे काय?

गुरप्रीतचे म्हणाल, तर गेल्याच महिन्यात व्हिएतनाममध्ये त्याने पेनल्टी अडवली होती. २०१९ साली आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी ०-० वर रोखले तेव्हा गोलसमोर एकटा तोच भिंतीसारखा उभा होता. गेल्या वर्षी दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत कुवेतविरुद्ध टायब्रेकरची शेवटची किक त्याने अडवली, तेव्हा याच माडीवरून मी खाली चौकात धावत गेलो होतो. त्या रात्री काय म्हणालो असेन ते वेगळे लिहायला नको.

आज १९ नोव्हेंबर आहे, हे दुपारी कार्यालयात कोणीतरी बोलले तेव्हा लक्षात आले. बरोबर एक वर्षापूर्वी अहमदाबादला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला. त्या रात्री पेठेत अनेक घरी ताटे तशीच राहिली होती आणि प्रत्येकजण म्हणत होता, "आपण हरलो." दहा सामने सलग जिंकून शेवटचा एक हरला, तरीही कोणी त्या संघाला "हे लोक" म्हटले नाही. त्याच्या तीन दिवस आधी आपण कुवेतला कुवेतमध्ये हरवले होते आणि माझ्या कार्यालयात ते एकालाही माहीत नव्हते. मी डब्याच्या सुट्टीत सांगितले तर एकाने विचारले, "भारत फुटबॉल खेळतो?" मी त्याला उत्तर दिले नाही. अशी किती उत्तरे गेल्या पंचवीस वर्षांत दिली नाहीत. साऱ्या जगाने ज्याच्याकडे पाठ फिरवली आहे त्याच्यावर जीव लावून बसायचे, दर वेळी आशा धरायची, दर वेळी तोंडघशी पडायचे आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्याविषयी बोलायला एक माणूस नसायचा. या प्रेमाने मला काय दिले, असे दुपारी मनात आले, आणि डबा न संपवताच मी उठलो. अण्णा असते तर त्यांना विचारले असते. शाहू स्टेडियमवर बोट धरून मला त्यांनीच नेले. पण ते आज नको.

संध्याकाळी घरी परतताना मात्र अंधेरी आठवली आणि मन थोडे निवळले. २०१८ च्या जूनमध्ये मुंबईत चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला फक्त २,५६९ प्रेक्षक आले होते. आपण ५-० जिंकलो होतो, छेत्रीने तीन गोल केले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याने एका व्हिडिओत हात जोडून लोकांना विनंती केली की आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण त्या मैदानात येऊन द्या. ते बघून मी आणि तात्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता आणि पाऊस असा कोसळत होता की समोरच्या गोलजवळचे खेळाडू धूसर दिसत होते. मैदान पूर्ण भरले होते. मध्यंतरापर्यंत ०-० होते, चेंडू पाण्यात अडकत होता, पास अर्ध्यातच मरत होते, बचावफळीने दोनदा हातचा चेंडू घालवला, आणि इतके होऊनही त्या संध्याकाळी माझ्या तोंडून एकदाही "हे लोक" आले नाही. "आपल्याला आज पाऊस नडतोय," असे मी तात्यांना म्हणाल्याचे पक्के आठवते. मग छेत्रीने पेनल्टी मारली, जेजेने दुसरा गोल केला, छेत्रीने आणखी एक केला, पण मला राहून राहून आठवते ती ते तीन गोल होण्याआधीची वेळ. शर्ट अंगाला चिकटला होता, शेजारी कोण बसले होते ते माहीत नव्हते, आणि चूक झाली की सगळे स्टेडियम एकदम "अरेरे" म्हणत होते. त्या "अरेरे" मध्ये मी होतो. घरच्या एखाद्या माणसाच्या हातून काही सांडले की घरातले सगळेच जसे एकदम कळवळतात, तसे ते होते.

त्यानंतर मी भारताचा एकही सामना मैदानात जाऊन पाहिलेला नाही. सहा वर्षे झाली. तालमीचा सामना मी एकही चुकवत नाही. पावसाळा संपला की शाहू स्टेडियमचे मैदान केव्हा खुले होते याची वाट पाहतो, आमच्या गोलीच्या आईला ओळखतो, त्याचा खांदा कधी निखळला होता ते मला माहीत आहे. म्हणूनच गेल्या हंगामात त्याच्या हातून चेंडू सुटला तेव्हा पहिल्यांदा मला त्याचा खांदा आठवला. गुरप्रीतच्या बाबतीत मला काय आठवणार? पडदा आठवणार. हे कारण आहे की निमित्त, ते मला ठरवता येत नाही. आणि असेही असेल की दर वेळी हरण्याचे दुःख सोसवेनासे झाले, म्हणून हरणाऱ्याला आधीच चार पावले लांब ठेवण्याची सवय मी नकळत लावून घेतली. लांब ठेवूनही काल रात्री वाईट वाटायचे ते वाटलेच. मग त्या लांब ठेवण्याचा उपयोग काय झाला?

आज ऑफिसातून आल्यावर भाचा दारातच उभा होता. त्याला गांधी मैदानावर जायचे होते, आणि त्याने कालच्या प्रश्नाचा विषयही काढला नाही. त्याला हवे होते ते इतकेच, की मी लांबून उंच चेंडू मारावेत आणि त्याने गोल सोडून पुढे केव्हा यायचे आणि केव्हा थांबायचे ते शिकावे. अंधार पडेपर्यंत मी चेंडू मारत राहिलो. पहिले पाच-सहा त्याला चुकले. एकदा तो फार लवकर निघाला, चेंडू त्याच्यासमोर टप्पा घेऊन डोक्यावरून गेला आणि दोन विटांच्या गोलमधून पार पलीकडे भिंतीला लागला. तो तिथेच गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "पळायला लागल्यावर मागं फिरता येत नाही, मामा. आधी कळत नाही आणि मग उशीर होतो." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, कालच्या गोलचे त्याने आपल्यापुरते उत्तर शोधले होते. आम्ही मोठी माणसे तासभर भांडलो, आणि त्यांपैकी एकालाही हे सुचले नव्हते.

मी त्याला सांगितले की टप्पा पडण्याआधी पोहोचता येत नसेल तर जागेवर थांबायचे आणि पुढच्याला मारायला लावायचे. त्याने मान हलवली. फोम पुन्हा सुटला होता, तो त्याने दाताने तोडून खिशात ठेवला.

परत येताना त्याने विचारले, "पुढची मॅच कधी?" मी म्हणालो, "मार्चमध्ये. आशियाई चषकाची पात्रता फेरी." कोणाची मॅच, हे त्याने विचारले नव्हते आणि मीही सांगितले नाही. पाटीलवाड्याच्या बोळापाशी तो थांबला, म्हणाला उद्या मतदानाची सुट्टी आहे तर सकाळी सहाला येऊ या, आणि या वेळी चेंडू थोडे आणखी लांबून मारा. मी गजर लावला आहे.